काकूंच्या स्वयंपाकघराकडची भिंत

आमच्या घराच्या भिंती तीनच. चौथी आमची आणि शेजारच्या काकूंची मिळून आहे.

माझे वडील आणि काकूंचे यजमान एकाच शाळेत शिक्षक होते. नाचणगावात त्यांनी लागून लागून प्लॉट घेतले, एकाच गवंड्याकडून घरं बांधून घेतली आणि मधली भिंत एकच घातली. ही कल्पना दोघांपैकी कोणाची होती ते मला माहीत नाही, आणि विचारायला आता दोघेही नाहीत. त्या भिंतीत, दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये, त्यांनी ताट जाईल एवढी एक खिडकी ठेवली. तिला दोन्हीकडून एकेक झडप आहे. आमची झडप आमच्याकडे उघडते, काकूंची त्यांच्याकडे. दोन्ही उघड्या असल्या तरच पलीकडचं दिसतं. या खिडकीतून अंबाडीची भाजी, कढी, सांडगे, तापात दिलेली मऊ खिचडी, सगळं जात-येत राहिलं. माझ्या आईची आणि काकूंची एक रीत होती. पलीकडून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर टाकायची, पण रिकामं नाही. आई गेल्यावर माझ्या बायकोने ती रीत तशीच ठेवली.

उन्हाळ्यात आमच्याकडे दुपारी भिंतींना हात लावता येत नाही. ही एकच भिंत थंड असते. मी लहानपणापासून तिला पाठ लावून झोपत आलो.

मी एका नगरपरिषदेत कनिष्ठ अभियंता आहे. लोकांच्या घरांचे नकाशे तपासणं हे माझं काम. प्लॉटच्या बाजूने नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडली नसेल तर नकाशा परत पाठवायचा. कित्येक माणसं माझ्या टेबलासमोर हात जोडून उभी राहिली असतील, साहेब, भावाचंच घर हाये, थोडं चालवून घ्या. मी चालवून घेतलं नाही. आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच भिंतीला टेकून चहा प्यालो. यात काही विचित्र आहे हे प्रशिक्षणाला जाईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

प्रशिक्षण वर्ध्याला होतं, सेवाग्रामच्या रस्त्याला एका हॉलमध्ये. अर्धा दिवस इमारतींचं संगणकावरचं मॉडेल शिकायचं, अर्धा दिवस शाश्वत नगरनियोजन. जवळच्या पुलगावहून गाडीने जायचो. बाकीचे सगळे तरुण होते. शिकवणाऱ्या मॅडम नागपूरच्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्या मला सर म्हणायच्या आणि मी त्यांना मॅडम, आणि दोघांनाही त्याचा थोडा संकोच वाटायचा.

आयुष्यभर मी भिंत म्हणजे दोन समांतर रेघा काढत आलो. इथे रेघ नव्हती. इथल्या भिंतीला स्वतःबद्दल सगळं माहीत असतं. ती विटांची आहे की काँक्रीटची, किती जाड, तिच्यातून किती उष्णता आत येते, ती कधी बांधली, कधी पाडायची, आणि ती कोणत्या इमारतीची. हे सगळं सांगितल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे जाऊ देत नाही. पहिला आठवडाभर मी चुकीच्या ठिकाणी क्लिक करत राहिलो. एकदा माझा जिना छतातून वर निघून आकाशात गेला. शेजारी बसणारा मुलगा म्हणाला, "सर, स्वर्गात नेता का काय आमाले?" सगळे हसले, मीही हसलो. पण आतून घाबरलो होतो. नकाशा समोर आला की तो कळायचा, एवढीच माझी पुंजी होती, आणि ती इथे चालत नव्हती.

मॅडमनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या ओळखीची एक इमारत घ्या. आज आहे तशी दाखवा, त्यातलं काय पाडणार ते दाखवा आणि नवीन काय बांधणार ते दाखवा. मी आमचं घर घेतलं.

इथे मला खरं सांगायला हवं. घर पाडून नवीन बांधायचा विचार आमच्याकडे आधीच सुरू झाला होता. बायकोचे गुडघे दुखतात. संडास-बाथरूम मागच्या अंगणात, पायऱ्या उतरून. रात्री ती भिंत धरून धरून जाते. पुण्याला असलेला मुलगा फोनवर म्हणायचा, बाबा, डागडुजी नको, सगळं खाली घ्या, खाली पार्किंग करू, वर आपण राहू. मी हो हो म्हणत होतो. काकूंना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांगू, आधी नक्की तर होऊ दे, असं मी स्वतःला सांगायचो. त्यामुळे प्रशिक्षणासाठी आमचं घर निवडलं तेव्हा माझ्या मनात असं होतं की अभ्यासही होईल आणि आपलं कामही. बाहेर मात्र मी फक्त अभ्यास म्हणत राहिलो.

पहिल्यांदा मी नुसतं आमचं घर तयार केलं. मग मॅडमनी सगळ्यांची मॉडेलं पडद्यावर लावून ऊन कसं फिरतं ते दाखवलं. सूर्य उगवला आणि आमच्या स्वयंपाकघरात, पूर्वेच्या भिंतीतल्या त्या छोट्या खिडकीतून, उन्हाचा लांब पट्टा येऊन ओट्यावर पडला. वारासुद्धा येत होता, निळ्या बाणांनी.

"बघा," मॅडम म्हणाल्या, "जुन्या लोकांनी किती विचार केला होता. सकाळचं ऊन थेट ओट्यावर."

सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी मान हलवली. त्या खिडकीतून आमच्याकडे ऊन कधीच आलं नाही. काकूंची झडप उघडी असली तर त्यांच्या ट्यूबलाइटचा उजेड येतो आणि फोडणीचा वास. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच माझं काही बरोबर आलं होतं, आणि मी गप्प बसलो. जेवणाच्या सुट्टीत न राहवून मॅडमना सांगितलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "मग सर, शेजारचं घरही मॉडेलमध्ये घ्यावं लागेल. नाहीतर सॉफ्टवेअरला वाटणार तिकडे मोकळं आकाश आहे."

म्हणून रविवारी मी टेप घेऊन काकूंकडे गेलो.

"या वयात शाळेत घातलं का रे बाबू तुले?" काकू म्हणाल्या.

"हाव काकू. नोकरीच म्हणते शिक, त काय करू."

"नापास झाला त बायको घरात घेन का नाई?"

"तुमी हाये ना. इकडे येईन."

"माह्याकडे नापास पोट्टे नाई चालत. तुया काकानं सांगून ठेवलं हाये." आणि त्यांनी भिंतीवरच्या काकांच्या फोटोकडे बोट केलं.

टेपचं एक टोक त्यांनी धरलं. मी दुसरं टोक घेऊन मागे मागे सरकत होतो. आमच्या सामाईक भिंतीवर, त्यांच्या बाजूने, काय नव्हतं? डब्यांची लांब फळी, कॅलेंडर, गाळण्या, सुपली, काकांचा फोटो. सगळे खिळे त्यांनी स्वतः ठोकलेले, वरवंट्याने. त्यांच्याकडे हातोडी कधीच नव्हती. लहानपणी आमच्या स्वयंपाकघरात जेवताना पलीकडून ठोकल्याचा आवाज आला आणि ताटात चुना पडला की आई खिडकीतून ओरडायची, अवो, आमी जेवून राह्यलो, आणि काकू म्हणायच्या, मग ताट झाका ना.

"कायले मोजून राह्यला एवढं?" मध्येच त्यांनी विचारलं.

"अभ्यास हाये काकू."

"फळीपन मोज. चांगल्या सागाची हाये."

मी फळीही मोजली. खरं सांगायचं तर गरज नव्हती. पण मॉडेलमध्ये मी फळी घातली, डबेसुद्धा घातले, फोटोच्या जागी एक चौकोन. त्यात मला फार समाधान वाटलं. आता वाटतं, ते समाधान म्हणजे न सांगितलेल्या गोष्टीची भरपाई होती.

पुढच्या आठवड्यात पाडकाम दाखवायचं होतं. जे पाडायचं ते लाल होतं आणि पुढच्या चित्रातून नाहीसं होतं. मी आमचं घर निवडलं. सॉफ्टवेअर मधल्या भिंतीपाशी अडलं. इशाऱ्याचा पिवळा त्रिकोण आला. मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"सर, ही भिंत कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

का म्हणालो, मला आजही नीट सांगता येत नाही. कागद कोणाकडेच नाही. कदाचित मागे मुलं थांबली होती म्हणून. कदाचित ऑफिसात मी असं पटकन उत्तर देतो म्हणून. मॅडमनी एक क्लिक केलं. आमचं घर लाल झालं, त्याबरोबर भिंतही लाल झाली. मग दोन्ही गेलं. पडद्यावर काकूंचं घर एका बाजूने सताड उघडं राहिलं. बाहेरूनच त्यांचा ओटा दिसत होता. फळी आणि डबे हवेत लटकत होते, कारण ते मी पाडायला सांगितले नव्हते.

"हे बघा, फर्निचर लटकतंय," मागचा मुलगा म्हणाला. पुन्हा सगळे हसले.

त्याच दिवशी दुपारी शाश्वत नियोजनाचा तास होता. तिथे मॅडमनी शिकवलं की उष्ण गावांत घरं एकमेकांना लागून असली तर बरं, सामाईक भिंतीला ऊन लागत नाही, आणि जे उभं आहे ते होईल तेवढं वापरावं, मलबा कमी करावा. त्यांच्यानंतर दुसरे एक निवृत्त साहेब नियमावर बोलायला आले. त्यांनी बाजूला मोकळी जागा का हवी ते समजावलं, आग, हवा, दुरुस्ती. दोघांचंही मला पटलं. मी हात वर करून विचारलं की यातलं कोणतं धरायचं. साहेब म्हणाले, "नियम धरा." मॅडम म्हणाल्या, "दोन्ही बरोबर आहे सर, जागा पाहून ठरवायचं." माझ्या डोक्यात जागा एकच होती आणि ती मला दोन्ही प्रकारे दिसत होती. गाडीत बसल्यावर मी किती नकाशे परत पाठवले असतील ते आठवायचा प्रयत्न केला, आणि मग तो सोडून दिला.

आठवडाभराने काकू संध्याकाळी आमच्याकडे आल्या. बायको देवळात गेली होती. "तुया तो अभ्यास दाखव ना मले," त्या म्हणाल्या. "माह्या घराचा फोटो काढला म्हन्ते त्यात."

मी लॅपटॉप उघडला. त्यांचं स्वयंपाकघर दाखवलं. त्या एकदम खूश झाल्या. "अरे, हे त माये डबे. तिखटाचा डबा पहिला ठेवला, बराबर ठेवला. हे काय, तुया काकाचा फोटो? तोंड नाई काढलं."

"तोंड नाही येत काकू यात."

"बरं हाये. नाईत त रागावून पाह्यले असते." त्यांनी पडद्याला बोट लावलं. "आनखी काय हाये पुढे?"

मी तिथेच बंद करायला हवं होतं. मी बंद करण्यासाठीच हात नेला होता असं मला वाटतं, पण माझं बोट बाणाच्या बटणावर पडलं, किंवा मी ते पडू दिलं, याबद्दल मी इतके दिवस विचार करतो आहे आणि मला खात्री होत नाही. लाल चित्र आलं. मग पुढचं.

काकू पडद्याजवळ वाकल्या.

"हे लाल म्हंजे काय?"

"पाडायचं ते."

"लाल सगळं तुयं घर हाये."

"हो."

"आन् भिंत?"

मी लॅपटॉप जरा माझ्याकडे वळवला.

"मायी खोली उघडी काऊन दिसून राह्यली रे?"

"सरावासाठी आहे काकू ते. अभ्यास आहे."

"हाव," त्या म्हणाल्या. "डबे बाकी चांगले काढले." आणि पदर सावरून गेल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "पावसाच्या आधी करतं का नंतर?" मी म्हणालो, अजून काहीच नक्की नाही. हे खरं होतं. पण सांगताना ते मला खोटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची झडप बंद होती. तिसऱ्या दिवशीही. बायको म्हणाली, बरं नसेल, आणि पुढच्या दाराने स्टीलच्या डब्यात वरणफळं देऊन आली. संध्याकाळी डबा खिडकीत आला. झडप थोडी उघडली, डबा आमच्या बाजूला सरकला, झडप लागली. बायकोने झाकण काढलं.

डबा घासलेला होता आणि रिकामा होता.

"विसरल्या असन," बायको म्हणाली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काय झालं?"

मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, कधी तरी सांगायचंच होतं. ती म्हणाली, "भिंत पाडाचं कोनी म्हन्लं होतं?"

"घर पाडायचं ना आपल्याला."

"मले बाथरूम पाह्यजे. घरात पाह्यजे. मी भिंत पाडा म्हन्लं कधी? पोराले पार्किंग पाह्यजे, त्याले तिकडे पुन्यात पाह्यजे तेवढी भेटन. तुमी इंजिनियर हाये ना? मंग?"

मी विचार करत राहिलो. भिंत पाडायचं खरंच कोणीच म्हणालं नव्हतं. मुलगा "सगळं" म्हणाला होता. मॅडमनी फक्त प्रश्न विचारला होता. मग हे ठरवलं कोणी? मी पुन्हा पुन्हा शोधतो आणि पुन्हा पुन्हा त्या खुर्चीत बसलेला मीच सापडतो.

बायकोने त्याच डब्यात गुळाचा खडा टाकला, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "खिडकीतून नाई. दारानं जा."

काकू पाटावर बसून भाजी निवडत होत्या. मी आत पाहिलं आणि उभाच राहिलो. सामाईक भिंत मोकळी होती. फळी काढून त्यांनी समोरच्या भिंतीला विटांवर टेकवली होती. डबे तिच्यावर, तिखटाचा पहिला. फोटो काढून देव्हाऱ्याजवळ ठेवला होता. भिंतीवर नुसती खिळ्यांची भोकं आणि डब्यांच्या मागचा, धूर न लागलेला, पांढरा पट्टा. खिळे एका वाटीत काढून ठेवले होते.

"कोणी काढलं काकू हे सगळं?"

"दूधवाल्यानं फळी उचलू लागली. खिळे मीच उपसले." त्या भाजीकडेच पाहत होत्या. "तुया भिंतीले माये खिळे कायले. घाईत काढाले लागले असते त डबे सांडले असते."

"काकू, ती भिंत माझी नाही."

"मंग त्यात काऊन दाखवली?"

"मला विचारलं, कोणाची. माझ्या तोंडून निघून गेलं."

"सांगाचं ना, मले माहीत नाई म्हनून."

हे मला सुचलंच नव्हतं. आजवर ऑफिसात मला माहीत नाही असं मी कोणाला म्हणालो असेन असं आठवत नाही.

मी म्हणालो, "भिंत राहणार आहे. बाथरूम पश्चिमेच्या बाजूने काढू. बाकी घर करू न करू, भिंत राहील." काकूंनी डबा घेतला, झाकण उघडून गूळ पाहिला, बाजूला ठेवला. "बरं," म्हणाल्या. त्या "बरं"मध्ये काय होतं ते मला कळलं नाही. मी खिळे ठोकून देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "राहू दे. तिकडे उजेड येते डब्यायले." मी तसाच परत आलो.

प्रशिक्षणाच्या शेवटी मी मॉडेल दाखवलं तेव्हा नवीन घर असं काही नव्हतं. जुनंच घर, पश्चिमेकडे एक बाथरूम, पायऱ्या नाहीत, धरायला दांडा, आणि मधली भिंत जशीच्या तशी. तिला मी दोन्ही घरांतून काढून वेगळी ठेवली होती. त्यामुळे पिवळा त्रिकोण सारखा येत होता.

"सर, ही कोणाची दाखवू?" मॅडमनी विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"सॉफ्टवेअर दर वेळी विचारत राहील."

"विचारू द्या."

त्यांनी मला पास केलं. बाकीच्यांनी उंच उंच इमारती केल्या होत्या, गच्चीवर झाडं, भिंतींवर वेली. माझं काम सगळ्यांत लहान होतं, आणि ते अपुरं होतं की पुरं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मुलगा फोनवर नाराज आहे. ऑफिसात बाजूची जागा न सोडलेले नकाशे येतात. मी ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ समोर धरून बसतो, समोरच्या माणसाला घराशेजारी कोण राहतं ते विचारतो, आणि तरीही परत पाठवतो, कारण नियम तोच आहे. तो चुकीचा आहे असंही मला म्हणता येत नाही.

बाथरूमचं काम सुरू झालं. काकू येऊन पाहून गेल्या, दांडा हलवून पाहिला, ठीक आहे म्हणाल्या. खिडकीची त्यांची झडप कधी उघडी असते, कधी नसते. भांडी जातात, येतात. एकदा लोणचं आलं, एकदा नुसती साखर. पूर्वीही साखर यायची. पण आता आलेली साखर पाहिली की मी विचारात पडतो, घरात काही नव्हतं म्हणून आली की द्यायचंच म्हणून. बायको म्हणते, चहात टाका आणि प्या.

परवा सकाळी आम्ही दोघं त्या भिंतीला टेकून चहा पीत होतो. अचानक पाठीमागून ठक, ठक असा आवाज आला. दगडाचा होता. वरवंटा. आमच्या बाजूचा चुन्याचा एक पोपडा सुटून माझ्या कपात पडला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो नाही. आवाज थांबला, मग जरा वर, दुसऱ्या जागी, पुन्हा सुरू झाला.

काकूंनी पलीकडे काय टांगलं, फोटो की नुसतं कॅलेंडर, ते मी अजून पाहायला गेलेलो नाही.